मिठाच्या पाण्याचं गाणं

मनिला, ९ ऑगस्ट १९८७

प्रिय मनांग लुदिंग,

इतके दिवस पत्र नाही म्हणून तू रागावली असशील. रागाव, थोरली बहीणच आहेस, पण आधी ऐक. मी रेन अल्बारासिनशी बोलले. समोरासमोर, थिएटरच्या मागच्या दाराशी. त्याच्या कपाळावरचा रंग अजून पुसला गेला नव्हता. मी म्हटलं, "दुसऱ्या अंकातलं तुमचं ते गाणं ऐकताना मला श्वास घ्यायचं सुचत नाही." तो म्हणाला, "मलाही तिथे श्वास घ्यायला जागा नाही. माझीच चूक, मीच तसं रचलंय." एवढा मोठा माणूस, आणि बोलतो कसा बघ.

तुला हे वेड वाटतं, मला माहीत आहे. पण तू माझ्या दुकानात दिवसभर उभी राहून बघ. मालक म्हणतो, पुढच्या फळीवर अमेरिकन कॅसेट ठेव, गिऱ्हाईक तेच मागतं. आपल्या लोकांची गाणी मागे, झाडूशेजारी. मी सकाळी लवकर जाऊन ती पुढे आणते, तो आला की परत मागे टाकतो. असं आमचं रोज चालतं. रेनची पहिली कॅसेट मी तिथेच, झाडूशेजारी, ऐकली. जीपनी गाडीच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलीवर, मनिलाच्या तागालोग भाषेत गाणं. तोवर मला वाटायचं, प्रेम इंग्रजीतच करतात.

आणि त्याची नाटकं तर विचारूच नकोस. पडदा वर जायच्या आधी खालचे वादक सूर जुळवतात ना, तेव्हाच माझ्या अंगावर काटा येतो. मी सगळ्यात वरच्या बाकांवर बसते, सगळं तोंडपाठ आहे, शेजारच्या बायका मला गप्प बस म्हणतात. आता मी त्याच्या फॅन क्लबची चिटणीस झाले आहे.

आता कामाचं. तो पुढचं नाटक निग्रोस बेटावरच्या ऊसतोड्यांवर करतोय, नाव 'तुबोहान', म्हणजे उसाचा मळा. मी म्हटलं, आमच्या किनाऱ्यावरूनच तर माणसं बोटीनं निग्रोसला ऊस तोडायला जायची. आणि माझ्या मामांनी, ज्यांनी मला आईमागे वाढवलं त्यांनी, त्यावर आमच्या इलोंगो भाषेत सार्सवेला, म्हणजे गाण्यांचं नाटक, रचलं होतं, त्यातली गाणीही त्यांचीच. सही करता करता त्याचा हात थांबला. म्हणाला, "ती गाणी कुठे ऐकायला मिळतील?"

मनांग, तुझ्या वडिलांना, तियो इस्लावना, ते निरोपाचं गाणं कॅसेटवर गायला सांग. माझ्यासाठी एवढं कर.

तुझी,
नेनिंग

---

सान इसिद्रो, इलोइलो, २५ ऑगस्ट १९८७

इंदाय नेनिंग,

पत्राच्या चार पानांत रेनचं नाव किती वेळा आलं ते मी मोजायला घेतलं आणि सोडून दिलं. तुझ्या खोकल्याचं काय झालं ते एकदाही नाही. भात नीट खातेस का तेही नाही.

तातायना पत्र वाचून दाखवलं. सुतारकाम सुटल्यापासून ते ओट्यावर बसून जाळी दुरुस्त करतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या चुका काढतात. पत्र ऐकताना हातातली जाळी खाली ठेवली. मग म्हणाले, "मनिलाच्या माणसाला आपल्या सार्सवेलाचं काय करायचंय?" मी म्हटलं, मलाही तेच कळत नाही. तर माझ्यावरच चिडले. "तुला काय कळतंय? तू शिलाई मशीन चालव."

शेजारच्या पिलारचा नवरा जहाजावर आहे, त्यानं आणलेला टेपरेकॉर्डर मी मागून आणला. ताताय आंघोळ करून, पांढरा बारोंग शर्ट घालून बसले. मी म्हटलं, मशीनला कपडे दिसत नाहीत. म्हणाले, "मला दिसतात."

सुरुवातीला स्वतःचं नाव सांगितलं: एस्तानिस्लाव सुमागायसाय, गाव सान इसिद्रो, शब्द आणि चाल माझी, रंगमंचावर हे माझी बायको कोंचिंग गायची. आणि मग गायले. नानाय गेल्यापासून ते गाणं त्यांनी तोंडात घेतलं नव्हतं, हे तुला माहीत आहे. तिच्याच पट्टीत गायले. नवरा बोटीत चढतोय आणि बायको किनाऱ्यावरून म्हणते,

'उसाचं पातं तुझा हात कापेल,
मिठाच्या पाण्यानं धुवायला मी कुठे असेन.'

तिथे आवाज फुटला. परत गाऊ का म्हणून विचारलं, आणि मीच नको म्हटलं. मधे कोंबडा आरवलाय, त्याला माझा इलाज नाही.

कॅसेट सोबत पाठवते. गुळाच्या पियाया पोळ्यांचा पुडा तुझ्यासाठी आहे, रेनसाठी नाही.

लुदिंग

---

मनिला, २० सप्टेंबर १९८७

प्रिय मनांग,

पियाया मी त्यालाच दिला. रागावू नकोस. त्यानं एक तोडून खाल्ला आणि बाकीचा नाचणाऱ्या मुलींना वाटला. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

कॅसेट त्यानं सगळ्यांसमोर लावली. मी डोळे मिटून घेतले होते. संपल्यावर पियानोवाल्या बाईनं हळूच ती चाल वाजवायला घेतली. रेन म्हणाला, "तुझे मामा म्हणजे खाण आहे खाण." मनांग, ज्या माणसाचं गाणं ऐकायला मी पावसात उभी राहिले, तो माझ्या घरचं गाणं ऐकत होता. मला तिथेच मरण आलं असतं तरी चाललं असतं.

आता मी रोज तालमीला जाते. दुकानात अर्धा दिवसच जाते. मालक कुरकुरतो, कुरकुरू दे. इथे मी कपड्यांना इस्त्री करते, जेवणाचे डबे आणते, तिकिटं खपवते, कुणी आजारी असलं तर कोरसमध्ये उभी राहते. पगाराचं विचारू नकोस. चर्चमध्ये पगार मागतात का कुणी?

रेनला आणखी हवी आहेत. नानाय कोंचिंग कपडे धुताना म्हणायच्या ते, आणि बोट परत येते तेव्हाचं.

खोकला बरा आहे.

नेनिंग

---

सान इसिद्रो, ६ ऑक्टोबर १९८७

इंदाय,

गाव आता तातायना 'मनिलाचे कलाकार' म्हणतं. न्हाव्याच्या दुकानात त्यांना आधी बसवतात. ते रोज गळा साफ करतात, आलं चघळतात, आणि पिलारला टेपरेकॉर्डर विकू नकोस म्हणून बजावून आले आहेत.

दुसरी गाणी मी आत्ताच पाठवणार नाही. आधी एक सांग. नाटकात तातायचं नाव येणार का? तू विचारलंस का? तातायना विचारलं तर म्हणतात, "असं काय विचारायचं? गाणाऱ्याला गाणाऱ्याची अब्रू कळते." पण मी शिंपीण आहे. दुसऱ्याच्या कापडाचा झगा शिवला तर उरलेला तुकडासुद्धा परत देते. म्हणून विचारते.

आणि ते येणार म्हणतात. नाटक बघायला. ज्या माणसानं जवळची रोहास सिटीसुद्धा पाहिली नाही, तो मनिलाला यायचं म्हणतोय.

स्पष्ट लिही. रेनचं कौतुक पुढच्या पत्रात लिही.

लुदिंग

---

मनिला, १४ डिसेंबर १९८७

प्रिय मनांग,

उशीर झाला, माफ कर. 'तुबोहान' सुरू झालं. पहिला अंक आपल्या गाण्यावर संपतो. रेननं ते तागालोगमध्ये केलंय, म्हणजे सगळ्यांना कळावं म्हणून. बोट निळ्या प्रकाशात मागे सरकते, ती बाई एकटी पुढे येते, आधी नुसता आवाज, मग हळूहळू खालून व्हायोलिन. शेवटचा सूर ती इतका वेळ धरते की लोक आधीच उभे राहतात. मी बाजूच्या पडद्याआड हातात ओला टॉवेल घेऊन उभी होते आणि रडत होते. तियोंचं गाणं, मनांग. कुठलं कुठे गेलं.

तू नावाचं विचारलं होतंस. छापील पत्रक फार घाईत झालं, कागदही कमी पडला. त्यात 'पानाय बेटाच्या लोकांचे आभार' असं आहे, म्हणजे त्यात तियो आलेच. पुढच्या छपाईत नाव टाकू असं बोलणं झालंय. मला वाटतं झालंय. पत्रक माझ्याकडे आत्ता नाही, मिळालं की पाठवते.

तियोंना एवढ्यात आणू नकोस. समुद्र खवळलेला आहे आणि तिकिटं सगळी संपली आहेत. उन्हाळ्यात बघू. त्यांना म्हणावं, रेन त्यांची फार आठवण काढतो.

नाताळच्या शुभेच्छा. गाण्याची कॅसेट जानेवारीत बाजारात येते आहे. यंदा तरी मालकाला ती पुढच्या फळीवर ठेवावी लागेल.

नेनिंग

---

सान इसिद्रो, २० मे १९८८

नेनिंग,

इतके महिने मी लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं असं नाही.

जानेवारीतच ते गाणं इथे आलं. ताताय बाजारातून येत होते, चौकात जीपनी उभी होती, ड्रायव्हरनं रेडिओ मोठा केला होता. पिलार सोबत होती, तिनं सांगितलं. हातातली मासळीची पिशवी तशीच धरून ते जीपनी सुटेपर्यंत उभे होते. गाणं संपल्यावर रेडिओवरचा माणूस म्हणाला, शब्द आणि संगीत रेन अल्बारासिन, एका बेटावर सुट्टीला गेले असताना एका बैठकीत सुचलेलं. घरी आल्यावर तातायनी मला एवढंच विचारलं, "तागालोगमध्ये त्यानं मिठाचं काय केलं?" मला तागालोग बरं येतं म्हणून. मी म्हटलं, मीठ काढून चांदणं घातलंय. 'चांदण्यानं तुझा हात धुवायला मी कुठे असेन.' ते म्हणाले, "चांदण्यानं जखम धुतात का?"

तू पत्रक पाठवलं नाहीस. पिलारच्या बहिणीनं आणलं. त्यात थंड पेयं पुरवणाऱ्या दुकानाचं नाव आहे. पानाय बेटाचं कुठेही नाही. आणि बाई, इस्त्री करणाऱ्यांतसुद्धा तुझं नाव नाही. मी दोनदा वाचलं.

मी गप्प बसले असते. पण परवा फिएस्टाच्या जत्रेत गाण्याची स्पर्धा होती आणि तातायनी नाव दिलं. मी नको म्हटलं. ऐकतात कुठे. बारोंग घालून चढले. निवेदन करणारी मुलगी म्हणाली, "आता आपले लाडके आजोबा, लोलो इस्लाव, रेन अल्बारासिनचं गाणं म्हणणार." त्यांनी तिच्याकडे बघितलं, पण बँड सुरू झाला होता. आपल्या भाषेत, आपल्या शब्दांत गायले. समोरची पोरं तागालोगमध्ये साथ द्यायला लागली. प्रेमानं, टाळ्या वाजवत. मिठाशी आले तेव्हा सगळं मैदान 'चांदणं' ओरडलं, आणि कुणीतरी म्हणालं, लोलो शब्द विसरले. लोक हसले. वाईट हसले नाहीत. शहरातून आलेला परीक्षक शेवटी म्हणाला, "या वयात एवढा आवाज, वा. पण तात, दुसऱ्याचं गाणं म्हणताना शब्द पाठ करून यावं."

ताताय त्याला 'हो' म्हणाले आणि खाली उतरले.

या गावात त्या गाण्यावर नानायला लोकांनी फुलं टाकली होती. त्यातले अर्धे वर गेले, उरलेल्यांना ऐकू येत नाही. पोरांना मी कुणाकुणाला सांगत बसू?

लुदिंग

---

मनिला, २ जून १९८८

मनांग,

तुझं पत्र वाचलं. तू मला चोर म्हणतेस की रेनला?

तू कधी गाण्यावर प्रेम केलं आहेस का? तुझ्या घरात गाणं होतं आणि तू मशीनचा आवाज मोठा करायचीस, मला आठवतं. ते गाणं सान इसिद्रोच्या ओट्यावर पडून होतं. तियोंच्या मागे ते कुणी म्हटलं असतं? तू? रेननं ते उचललं, त्याला पंख लावले. आज दावाओपासून बागियोपर्यंत लोक ते म्हणतात. इंग्रजी गाणं नाही, आपलं गाणं. याच्यासाठी तर आम्ही सगळे मरतो आहोत. रेडिओवाले काय वाटेल ते बोलतात, त्याला तो काय करणार? गाणं हवेसारखं असतं, असं रेन म्हणतो. त्याच्यावर कुंपण घालता येत नाही.

तुला माझा हेवा वाटतो, असं मला कधीकधी वाटतं. मी तिथून निघाले, तू राहिलीस.

वर्तमानपत्राला वगैरे काही लिहू नकोस. माझं इथलं सगळं जाईल. आणि हो, रेन विचारत होता, तियोंच्या त्या कॅसेटची दुसरी प्रत तुमच्याकडे आहे का? असेल तर मला पाठव. जपून ठेवायला हवी, तिकडे दमट हवेत खराब होईल.

नेनिंग

---

सान इसिद्रो, १८ जून १९८८

नेनिंग,

दुसरी प्रत नाही. आपल्या लोकांवर विश्वास होता म्हणून केली नाही. हे त्याला सांग, त्याला बरी झोप लागेल.

भांडायला वेळ नाही. ताताय बुधवारच्या बोटीनं निघताहेत. मी आडवी आले, ऐकलं नाही. शेजारचा बेर्तिंग सोबत येतोय, त्याला तिकडे बांधकामावर काम मिळतंय. तू शुक्रवारी धक्क्यावर ये.

ते नाव मागायला येत नाहीत. नाव मला हवं होतं. त्यांना फक्त त्या माणसाला भेटून सांगायचंय की तिथे मीठ हवं. "बाकी सगळं राहू दे," म्हणतात, "पण ऊस तोडणाऱ्याच्या बायकोला चांदणं सुचत नाही. त्याला कुणी सांगितलं नसेल. सांगितलं तर तो बदलेल." दहा वेळा म्हणून दाखवलं, काय बोलायचं ते.

तू आमच्या घरची मुलगी आहेस. त्यांना नीट ने.

लुदिंग

---

मनिला, ५ जुलै १९८८

प्रिय मनांग,

तियो सुखरूप बोटीत बसले, हे पत्र पोचायच्या आधी ते पोचतील. तुझ्या सगळ्या शंका मिटतील असं सांगते. खूप छान झालं.

मी त्यांना रविवारच्या दुपारच्या खेळाला नेलं. माझ्या नेहमीच्या जागेवर, वरच्या बाकांवर. जिना चढताना दमले थोडे, पण गाणं आलं तेव्हा पुढे वाकून ऐकत होते. हात मांडीवर ताल धरत होता. संपल्यावर म्हणाले, "बाई चांगली गाते. कोंचिंगपेक्षा आवाज मोठा आहे." मी म्हटलं, मायक्रोफोन आहे तियो.

मग मागच्या दाराशी गेलो. गर्दी होती, पण रेन आमच्यासाठी थांबला. त्यांच्याशी बोलला, हात हातात घेतला, आपल्या फोटोवर सही करून दिली. मिठाचं बोलणं नीट झालं नाही, त्याला लगेच मुलाखतीला जायचं होतं, पण मी पुढेमागे त्याच्या कानावर घालीन. तियो खूश होते. मला म्हणाले, "तू बारीक झालीस, खात जा." परत जाताना धक्क्यावर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

त्यांना विचार हवं तर.

नेनिंग

---

सान इसिद्रो, २२ जुलै १९८८

नेनिंग,

विचारलं. ते तुझ्यासारखंच सांगतात. गल्लीतल्या सगळ्यांना सांगतात. रेन फार नम्र आहे, पुढच्या रांगेत खुर्ची दिली, हात धरून जिना उतरवला. फोटो चौकटीत बसवून भिंतीवर लावायला लावला मला. मी त्यावरचं वाचलं: 'माझे फॅन लोलो इस्लाव यांना, प्रेमपूर्वक.'

काल बेर्तिंगचं पत्र त्याच्या आईला आलं. तिला वाचता येत नाही, म्हणून माझ्याकडे आली. तो पोरगा साधा आहे, जे बघितलं ते लिहिलं. लिहितो की दाराशी तुम्ही बराच वेळ उभे होता. रेन आला, सह्या करत करत तुझ्यापाशी पोचला, आणि ताताय म्हणाले, "बाळ, ते मीठ..." रेननं तुझ्याकडे बघून विचारलं, "कोण हे?" आणि तू म्हणालीस, "आमच्या प्रांतातले आहेत कुणीतरी. तुमचे फॅन आहेत."

ताताय तुझ्यापासून हातभर अंतरावर होते. बेर्तिंग लिहितो, त्यांनी तुझ्या तोंडाकडे बघितलं. मग रेनला म्हणाले, "हो. मी तुमचा फॅन आहे. फार लांबून आलोय."

मिठाचं बोलणं घाईमुळे राहिलं नाही, नेनिंग. तुला अडचणीत टाकायला नको म्हणून राहिलं.

मी त्यांना यातलं काही बोलले नाही. त्यांनी तुझ्यासाठी एवढी मोठी थाप उभी केली आहे, ती माझ्या हातून पाडवत नाही. फोटोवरची धूळ मी पुसते. पण यापुढे मला पत्र लिहायचं असेल तर खरं लिही, नाहीतर लिहू नकोस.

लुदिंग

---

मनिला, १२ मार्च १९८९

प्रिय मनांग,

तू लिहू नकोस म्हणालीस म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. आता लिहिते.

त्या दिवशी मी तसं का म्हटलं, मला माहीत नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं ना, तेव्हा मला त्याच्या डोळ्यांत दिसलं की मी काय म्हणावं हे तो बघतोय. आणि मी तेच म्हटलं. तियोंना माझा राग आला का? त्यांना सांग, मी येईन तेव्हा त्यांच्यासाठी कॅसेट प्लेअर आणीन.

'तुबोहान'ची मंडळी परदेश दौऱ्यावर गेली आहे. सिंगापूर, मग अमेरिका. मला नेणार होते, शेवटच्या क्षणी जागा कमी पडली. रेन म्हणाला, पुढच्या वेळी नक्की. फॅन क्लबची चिटणीस आता दुसरी मुलगी आहे, तिच्या वडिलांची मोटार आहे. दुकानातलं काम सुटलं. सध्या एका बाईची मुलं सांभाळते, त्यांना रेनची गाणी शिकवते. धाकटीचा कान चांगला आहे.

तू हसशील, पण अजूनही रेडिओवर त्याचं गाणं लागलं की मी हातातलं काम टाकून उभी राहते. माझ्याकडे दुसरं काय आहे?

एक सांगायचं होतं. जाण्याआधी त्यानं मला बोलावून घेतलं होतं. नवं नाटक लिहितोय, कोळ्यांवर. म्हणाला, मामांची ती दुसरी गाणी मिळाली तर या वेळी नाव नक्की टाकतो, छापून देतो. आणि मला मंडळीत कायमचं घेतो. मनांग, यात तियोंचंही भलं आहे. नानाय कोंचिंगचं कपडे धुतानाचं गाणं तरी पाठव.

नेनिंग

---

सान इसिद्रो, ३० मार्च १९८९

नेनिंग,

ताताय फेब्रुवारीत गेले. छातीत कफ झाला होता, फार दिवस त्रास झाला नाही. तुला तार केली नाही. पिलार म्हणाली कर, मी नाही केली.

त्यांना तुझा राग आला नव्हता. तू विचारलंस म्हणून सांगते. शेवटपर्यंत म्हणायचे, पोरगी परक्या गावात एकटी आहे, तिला कुणाचा तरी आधार धरावाच लागतो. मला आला होता. अजून आहे.

मयताला अख्खं गाव आलं. बँडवाल्यांनी पैसे घेतले नाहीत. कबरीशी पोचल्यावर बँडमास्तर मला म्हणाला, "यांना ते रेनचं गाणं फार आवडायचं ना, लांब मनिलापर्यंत गेले होते त्याला भेटायला. तेच वाजवतो." मी काय म्हणणार? त्याचे डोळे भरले होते. वाजवलं. सगळे म्हणायला लागले, बायका, पोरं, फादरसुद्धा. तागालोगमध्ये. सगळ्यांना पाठ होतं. चांदण्याशी आवाज चढला, आणि किती सुंदर म्हटलं त्यांनी ते. मला कुणावर तरी ओरडायचं होतं, पण तिथे ओरडण्यासारखं कुणी नव्हतं. जो तो त्यांच्यावरच्या मायेनं गात होता. मी तोंड मिटून उभी राहिले. लोकांना वाटलं, दुःखानं.

आता तुझ्या मागणीचं. ती गाणी आहेत. मनिलाहून आल्यावर तातायनी लोकांसमोर गाणं सोडलं, पण पावसाळाभर दुपारी ओट्याचं दार लावून घेऊन मला शिकवली. कपडे धुतानाचं, बोट परत येतानाचं, आणि ज्यांची तुला नावंही माहीत नाहीत अशी. मला कान नाही, फार शिव्या खाल्ल्या. तू लिहिलं होतंस, यांच्या मागे कुणी म्हटलं असतं, मी? हो, मीच म्हणते. मशीन चालवताना म्हणते, आणि कुणी दारात आलं की थांबते. पिलारची नात शिकव म्हणून मागे लागली आहे. तिला मी नाही म्हटलं. ती चांगली पोर आहे. तूही चांगलीच होतीस.

माझ्यानंतर ती राहणार नाहीत हे मला कळतं. तातायना हे आवडलं नसतं हेही कळतं. ते म्हणाले असते, देऊन टाक, गाणाऱ्याला गाणाऱ्याची अब्रू कळते. पण ते गेले, आणि आता ती माझी आहेत.

फोटो भिंतीवरून काढून तुझ्या पत्त्यावर पाठवते आहे. रेन तुझा आहे, तूच ठेव.

घर बंद नाही. आलीस तर ताट वाढीन, कबर दाखवीन. गाणं मागू नकोस.

लुदिंग